पिवळं उद्गारचिन्ह

बाबांच्या मते ती कढई आहे आणि कुणीतरी त्या कढईत उद्गारचिन्ह तळायला टाकलंय. मला तो घोड्याचा नाल वाटतो. आईला काहीच वाटत नाही. ती म्हणते, दिवा लागलाय म्हणजे गाडीला काहीतरी होतंय, एवढं कळलं की बास. खरं तर तो टायरचा छेद आहे. दोन्ही बाजूंच्या फुगीर भिंती, जमिनीला टेकलेला खाचाखाचांचा तळ आणि मधे ते चिन्ह. हे मला गाडीच्या पुस्तिकेतून कळलं. पुस्तिका मात्र मी दिवा लागला तेव्हा उघडली नव्हती, दिवा विझवल्यावर पाच दिवसांनी उघडली. सगळा घोटाळा तिथेच आहे.

जानेवारीतली पहाट होती. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो, ते दिवस. नाशिकहून पुण्याला निघायचं, डबा घेतलेला, मफलर गुंडाळलेला, आणि किल्ली फिरवली तर समोर पिवळा दिवा. चारही चाकांभोवती एक फेरी मारली. अंधारात टायर टायरासारखेच दिसत होते. थंडीने हवा जरा आकसली असणार, असं मी स्वतःला सांगितलं. ते सांगणं अगदीच खोटं नव्हतं. दुपारी तिशीच्या उन्हात तेहतीस पौंड भरलेली हवा पहाटे दहा अंशांवर तीसच्या आसपास येते. टायरला छिद्र नसतं, हवा कुठे गेलेली नसते, ती फक्त गारठून अंग चोरते. शाळेतला वायूंचा नियम आयुष्यात उपयोगी पडला तो असा, आळसाला आधार म्हणून.

स्टिअरिंगच्या खाली, उजव्या गुडघ्याजवळ एक छोटं बटण आहे. त्यावर तीच कढई कोरलेली. कधीतरी शोरूममधल्या मुलाने ते दाखवलं होतं, “सर, दिवा लागला की हे दाबून धरायचं.” मोबाइल अडकला की बंद करून चालू करणाऱ्या पिढीचा मी. दाबून धरलं. दिवा तीनदा मिचमिचला आणि विझला. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, पुणे. जाऊन आलो. येताना घाटात गाडी डावीकडे जरा ओढतेय असं वाटलं, पण रस्त्याला दोष देण्याची सोय आपल्याकडे बारमाही आहे.

पाच दिवसांनी गाडीने अण्णाकडे गेलो ते खरं म्हणजे स्कूटरच्या चाकाचं पंक्चर काढायला. अण्णा मूळचा केरळचा. तिकडे थोरल्या भावाला चेट्टा म्हणतात हे मला फार उशिरा कळलं, तोवर तो अख्ख्या वस्तीचा अण्णा होऊन गेला होता. त्याचं मराठी आमच्यापेक्षा जास्त नाशिकचं आहे. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, बाहेर रंगवलेला जुना टायर, आत धाप लागल्यासारखा आवाज करणारा कॉम्प्रेसर आणि काळ्या पाण्याचं घमेलं. स्कूटरचं चाक सोडून तो माझ्या गाडीकडे बघत राहिला. मागचं डावं चाक. न विचारता काटा लावला. एकवीस. मग उरलेल्या तिन्हींना लावला. बत्तीस, तेहतीस, बत्तीस.

“दिवा नाही लागला, दादा?”

“लागला होता.”

“मग?”

“मी बंद केला.”

अण्णा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्याने टायर फिरवला, बोट थुंकीने ओलं करून एका खाचेत फिरवलं, तिथे बारीक बुडबुडा आला. एक स्क्रू, डोक्यापर्यंत आत गेलेला, रस्त्यावर घासून चकचकीत झालेला. तो दोनशे किलोमीटर तिकडे आणि दोनशे किलोमीटर इकडे माझ्यासोबत सहलीला आला होता.

त्या रात्री पुस्तिका वाचली. एखादी कादंबरी वाचावी तशी वाचली, कारण गुन्हेगार कोण हे मला आधीच माहीत होतं.

टायरची हवा ओळखण्याच्या गाड्यांच्या दोन तऱ्हा. एकीत प्रत्येक चाकाच्या आत, हवेच्या तोंडाशी, एक चिमुकलं यंत्र बसवलेलं असतं. ते खरोखर दाब मोजतं आणि रेडिओवरून गाडीला कळवतं. त्याची बॅटरी पाच ते दहा वर्षं टिकते, मग यंत्रच बदलावं लागतं. दुसरी तऱ्हा गरिबाची, म्हणजे माझी. तीत हवा कुणी मोजतच नाही. ब्रेक लावल्यावर चाक अडकून घसरू नये म्हणून एबीएसला प्रत्येक चाकाचा वेग ठाऊक असावा लागतो. त्याच माहितीवरून गाडी अंदाज बांधते. हवा कमी झाली की टायर जरा बसतो, त्याची त्रिज्या कणभर घटते, आणि तेवढंच अंतर कापायला त्या चाकाला इतरांपेक्षा थोडे जास्त फेरे घ्यावे लागतात. मोठ्यांसोबत चालणाऱ्या लहान मुलासारखं ते दुडदुडतं. गाडी ते दुडदुडणं ओळखते आणि दिवा लावते.

आता ते बटण. मी समजत होतो की त्याने दिवा विझतो. बटणाचा अर्थ वेगळाच आहे. ते दाबणं म्हणजे गाडीला सांगणं की आत्ता या क्षणी चारही चाकं जशी आहेत तसंच बरोबर समज, आणि इथून पुढे याच्याशी तुलना कर. आधी हवा भरायची, तीही टायर थंड असताना, म्हणजे गाडी तीनेक तास उभी असताना किंवा फार तर दोन किलोमीटर चाललेली असताना, चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या आकड्याइतकी. मग बटण. मग काही वेळ बऱ्या वेगाने गाडी चालवायची, म्हणजे ती चाकांची नवी चाल शिकून घेते. मी पहिली पायरी गाळली होती. मागच्या डाव्या चाकात त्या पहाटे चोवीस-पंचवीस हवा असेल. मी गाडीला शिकवलं की एक पाय जरा लंगडा असणं हीच आपली रीत. ती गुणी विद्यार्थिनीसारखी शिकली. पुढे पंचविसाचे एकवीस झाले तरी तिने तक्रार केली नाही, कारण तिच्या लेखी तेहतीस हा आकडाच उरला नव्हता.

एकूण, विझलेल्या दिव्यावर माझा आता विश्वास राहिलेला नाही.

लहानपणी आमच्याकडे हे सगळं बाबांच्या अंगठ्यात होतं. ते नाशिकरोडला प्रेसमध्ये होते, नोटा आणि तिकिटं छापतात त्या. भोंग्याच्या आधी शेकडो सायकली एका दिशेने वाहत जायच्या. निघण्यापूर्वी बाबा उकिडवे बसायचे आणि पुढच्या-मागच्या टायरवर अंगठा दाबायचे. निकाल तीनच, “आहे”, “चालेल” आणि “भर”. “भर” म्हणजे मी. पंपाच्या पायावर दोन्ही पाय ठेवून सगळं वजन दांड्यावर टाकायचं. पंप मारताना खरी भीती वॉलट्यूबची. शेवयीएवढी रबराची नळी, कात्रीने इंचभर कापून व्हॉल्व्हवर चढवायची, चढवताना तोंडात ओली करायची. तिला चीर गेली की फुस्स, आणि बाबांना भोंगा चुकायचा. ‘चालेल’ या निकालाचा अर्थ मला तेव्हा कळत नव्हता. नंतर कळलं, त्या शब्दावर आमचं निम्मं घर चालत होतं.

या हवेच्या टायरचा शोधही एका बापानेच लावला, असं म्हणायला हरकत नाही. जॉन बॉइड डनलप हा बेलफास्टमधला जनावरांचा डॉक्टर. मुलाच्या तीनचाकीला दगडी रस्त्यावर हिसके बसतात म्हणून त्याने रबराच्या नळीत हवा भरून ती चाकांवर बसवली आणि 1888 साली तिचं पेटंट घेतलं. त्याच्याआधी चाळीसेक वर्षं रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने हीच कल्पना पेटंट करून ठेवली होती, पण तेव्हा तिच्यावर बसायला सायकलीच नव्हत्या. डनलपकडे मुलगा होता आणि सायकलींचा काळही होता. पोट फुगलेल्या गाई-म्हशी रोज तपासणाऱ्या माणसालाच कातडीच्या आतल्या हवेचं बळ सुचावं, ही माझी आपली एक समजूत. तिला पुरावा नाही.

आणि पिवळा दिवा आला तो अमेरिकेतल्या एका मोठ्या भांडणातून. 2000 साली तिथे फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवरचे फायरस्टोन टायर धावता धावता सोलले जाऊ लागले, गाड्या उलटल्या, माणसं गेली, लाखो टायर परत मागवावे लागले. दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत होत्या, आणि त्या भांडणातला एक मुद्दा मला फार बोलका वाटतो. गाडी बनवणारे म्हणत हवा सव्वीस ठेवा, टायर बनवणारे म्हणत तीस. म्हणजे बरोबर कशाला म्हणायचं यावरच एकमत नव्हतं. त्याच वर्षी तिथल्या संसदेने कायदा केला आणि सप्टेंबर 2007 नंतरच्या प्रत्येक नव्या मोटारीत हा दिवा सक्तीचा झाला. सांगितलेल्या दाबाच्या पाव हिश्श्याने हवा उतरली की तो लागलाच पाहिजे, असा तिकडचा नियम. तेहतीसचे पंचवीस होईपर्यंत तो गप्प राहिला तरी नियमात बसतं. म्हणजे सूचना वेळेवर मिळते असं नाही, फक्त उशिराला एक हद्द घातलेली असते.

आपल्याकडे समृद्धी महामार्ग झाल्यापासून टायर हा विषय पानाच्या टपरीपर्यंत पोचला. नागपूरपासून सातशे किलोमीटर सिमेंटचा सरळ रस्ता, एकशेवीसचा वेग आणि वर विदर्भाचं ऊन. त्यावर आमच्याकडचा लाडका सल्ला असा की उन्हाळ्यात हवा कमीच ठेवा, तापून फुगते, फुटते. नेमकं उलटं. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, त्याच्या कडा सारख्या दुमडतात-उलगडतात, आणि त्या कसरतीनेच तो आतून तापत जातो. तार वाकवून वाकवून तुटते तसं. हा सल्ला देणारे काका लोक दिव्यापेक्षा धोक्याचे, आणि त्यांना कुठलं बटणही नसतं.

ट्रकवाल्यांचं बरं असतं. ढाब्यावर ट्रक थांबला की क्लिनर टॉमी घेऊन उतरतो आणि एकेका टायरवर ठोका देत फेरी मारतो. भरलेला टायर टण्ण बोलतो, उतरलेला भद्द. जोडचाकांतला आतला टायर डोळ्यांना दिसत नाही, तो कानाला विचारावा लागतो.

आमच्या घरात प्रेशर तीन. कुकरचं, गाडीचं आणि बाबांचं. मी एकदा रिकामपणी हिशेब मांडला. शिटी होते तेव्हा कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा साधारण पंधरा पौंड जास्त दाब असतो. टायरमध्ये त्याच्या दुप्पट, तेहतीस. बाबांचा वरचा आकडा एकशेपन्नास येतो तेव्हा घरात धावपळ होते, पण तो पाऱ्याच्या मिलिमीटरांत. पौंडांत काढला तर पुरते तीनही भरत नाहीत. ज्या तीन पौंडांनी सगळ्यांची झोप उडते, तेवढे टायरमधून गेले तर मी बटण दाबून पुण्याला जातो. बरं, बाबांचा दाब मोजायचा तोही हवेनेच. दंडाला पट्टा गुंडाळा, रबरी फुगा दाबा, मग हळूहळू हवा सोडा. बाबा दर वेळी त्या पट्ट्यावरही अंगठा दाबून बघतात.

तिघांत शहाणा कुकर. तो ओरडतो.

ताई मॉन्ट्रियलला असते. तिकडे 1 डिसेंबर ते 15 मार्च बर्फाचे टायर लावणं कायद्यानेच सक्तीचं, म्हणून तिच्या गॅरेजात चाकांचा दुसरा संच असतो. त्या चाकांमध्ये ती दाब मोजणारी चिमुकली यंत्रं नाहीत, चारांचे पैसे कोण घालणार. मग पूर्ण हिवाळाभर तिच्या गाडीत दिवा लागलेलाच. मी माझी फजिती फोनवर सांगितली तेव्हा तिने एक बारकावा सांगितला. तिचा दिवा आधी मिनिटभर लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. सरळ लागून राहिला तर अर्थ ‘हवा कमी आहे’. आधी लुकलुकला तर अर्थ ‘मला काहीच कळत नाहीये’. “मी साडेतीन महिने ‘काही कळत नाही’ घेऊन चालवते,” ती म्हणाली, “सवय होते रे.” उणे वीसमध्ये वीस अंशांवर भरलेली तेहतीस सव्वीसवर येते. ते सांगणारं चाकात कुणी नाही, म्हणून ती दर रविवारी हातमोजे घालून काट्याने मोजते. आमच्या घराण्याचा अंगठा तिच्याकडे गेला. माझ्याकडे बटण आलं.

फेब्रुवारीत ती आली. दोन वर्षांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांबरोबर कोपऱ्यावर पेपर आणायला गेली आणि परत आल्यावर स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात म्हणाली, “बाबा पाय घासत चालतात. कधीपासून?”

आई माझ्याकडे बघायला लागली, मी आईकडे. कधीपासून? आम्हाला सांगता येईना. रोजच तर बघतो.

मग ती एकेक विचारत गेली. न्हाणीघरात स्टूल कधी आलं? बाबांचे नाडीचे बूट कुठे गेले, हे पट्ट्याचे कुणी घेतले? टीव्हीचा आवाज एकतीसवर का? या शेवटच्या प्रश्नाला मी थक्क झालो. तो अठरावर असायचा, मला पक्कं आठवत होतं. अठराचा एकोणीस, एकोणिसाचा वीस, असं करत तो चढला असणार, आणि प्रत्येक पायरीवर आम्ही तिघंही जरा मोठ्याने बोलायला शिकलो असणार. ताई आल्यापासून म्हणत होती, तुम्ही सगळे भांडताय का? आम्ही जेवायला बोलावत होतो.

पुस्तिकेतलं एक वाक्य तेव्हा आठवलं. मी ते वाचून पुढे गेलो होतो. नुसत्या वेगाच्या तुलनेवर चालणाऱ्या साध्या यंत्रणेला एक गोष्ट ओळखता येत नाही. चारही चाकांची हवा सारखीच, हळूहळू उतरली तर दिवा लागत नाही. कोण दुडदुडतंय हे कळायला दुसरं कुणीतरी नीट चालणारं लागतं. बाबांची चाल मंदावली तशी आईने सकाळच्या चहाची वेळ मागे नेली. आईला सुई ओवता येईना तशी बटणं लावायचं काम शिंप्याकडे गेलं. मी फोनवरची अक्षरं दोनदा मोठी केली. ती वर्षभरापूर्वी वाचता येत होती. घर अगदी समतोल चाललं होतं. दिवा बाहेरून, विमानाने यावा लागला.

पुढचं नेहमीचं आहे. डॉक्टर, रक्त, बी-बारा, कानांची तपासणी, गुडघ्यांचे व्यायाम. बाबांनी कानाचं यंत्र आठवडाभर डबीत ठेवलं आणि मग एका क्रिकेटच्या सामन्याला लावलं. काही आकडे परत वर चढले, काही चढणार नाहीत असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. ताई मार्चच्या सुरुवातीला गेली. जाताना टीव्ही बाविसावर ठेवून गेली.

त्यानंतरच्या रविवारी, सकाळी सातला, मी गाडीचं रीतसर करायचं ठरवलं. रात्रभर उभी, टायर गार. अण्णाचं दुकान दीड किलोमीटरवर, म्हणजे नियमात बसणारं. बाबा म्हणाले, मीपण येतो.

अण्णाने चारही चाकांना तेहतीस केलं. टोपणं लावण्याआधी प्रत्येक तोंडावर ओलं बोट ठेवून बुडबुडा येत नाही ना ते पाहिलं. कॉम्प्रेसर बंद झाला तसे बाबा दरवाजा धरून उतरले, वाकले, पुढच्या टायरवर अंगठा दाबला.

“कमी आहे.”

“तेहतीस आहे, बाबा,” अण्णा म्हणाला. “हे रेडियल. पोट सुटलेलंच दिसतं. अंगठ्याला नाही कळत आता.”

“अंगठ्याला कळतं,” बाबा म्हणाले. “टायरलाच कळत नाही.”

मी बटण दाबून धरलं. दिवा तीनदा मिचमिचला. आता गाडीला शिकवायला बरा रस्ता हवा, म्हणून त्र्यंबक रोडला लागलो. सातपूर मागे पडलं. बाबा समोरच्या काट्यांकडे टक लावून बसले होते.

“आता काय करतेय ती?”

“शिकतेय.”

“किती वेळ?”

“अर्धा तास तरी.”

ते गप्प राहिले. महिरावणीच्या पुढे डोंगर जवळ येऊ लागले. अंजनेरी उजळली होती, पायथ्याशी अजून धुकं. मी साठच्या आसपास वेग धरून ठेवला होता. मागून येणारे सगळे ओलांडून जात होते.

“शिकली?”

“ते कळत नाही. दिवा लागला नाही म्हणजे शिकली असं धरायचं.”

“हे बरं नाही,” बाबा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “त्र्यंबकपर्यंत घे. चहा पिऊ.”

टपरीसमोर गाडी लावली. दोन चहा सांगून मी बाकड्यावर बसलो. बाबा आले नाहीत. ते गाडीभोवती निघाले होते. पुढचं उजवं, वाकले, अंगठा, उभे राहिले. मागचं उजवं. डिकीला हात लावून जरा थांबले. मागचं डावं, स्क्रूवालं, तिथे दोनदा दाबलं. पुढचं डावं. मग पायाखाली बघत, रस्त्याची कड सांभाळत बाकड्याकडे आले.

मी घड्याळ बघत होतो. चार मिनिटं, दहा सेकंद.

“काय बघतोस?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. चहा गार झाला. दुसरा सांगतो.”